आखाड्यावरचे सहा संगणक

मनस्विनीला मी "तुझा मामा अजून जिवंत आहे" असं म्हणालो आणि तिथून हे सगळं सुरू झालं. तसा माझ्या जिवंत असण्याबद्दल त्या वेळी कुणालाच संशय नव्हता. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं गणित शिकवतो आणि त्या क्षणी दिवाळीतली उरलेली चकली खात तिच्यासमोर बसलो होतो. पण भाची डोळ्यांत पाणी आणून बसली की मामाच्या तोंडून अशी वाक्यं आपोआप निघतात.

मनस्विनी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नांदेडला राहून तुरीच्या मर रोगावर पीएचडी करते. हा बुरशीचा रोग चांगलं भरात आलेलं तुरीचं झाड उभ्या उभ्या वाळवून टाकतो. झाडपाल्यातून मिळणाऱ्या चार हजार रसायनांपैकी कोणतं त्या बुरशीला आवरेल, हे ती संगणकावर हिशेब करून शोधत होती. एका रसायनाला एक तास लागायचा. तीन हजारांहून जास्त रसायनं शिल्लक होती आणि तिच्या मार्गदर्शकांनी डिसेंबरातली एक तारीख देऊन ठणकावलं होतं, की त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ण हिशेब आला नाही तर विषय बदलायचा. म्हणजे तिची तीन वर्षं पाण्यात.

"माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर होळी उजाडेल, मामा," ती म्हणाली.

मग तिनंच उपाय सांगितला. ज्यांचे संगणक घरात नुसते पडून असतात त्यांनी ते उसने द्यायचे, मोठ्या कामाचे तुकडे करून सगळ्यांना वाटायचे आणि प्रत्येकानं आपापल्या तुकड्याचं उत्तर परत पाठवायचं. याला ग्रिड म्हणतात. अडचण एवढीच, की तिचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं आणि आपल्या घरोघरी विंडोज. म्हणून प्रत्येक संगणकाच्या पोटात एक दुसरा, मानलेला संगणक उभा करायचा. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरच्या संगणकाला यजमान म्हणायचं, आतल्याला पाहुणा.

हे पाहुणा प्रकरण मी जरा मनावर घेतलं. माझ्या संगणकावर पहिली मांडामांड करताना त्यानं विचारलं, पाहुण्याला किती मेमरी देता? आमच्या घरात पाहुण्याला हात आखडून वाढायची रीत नाही. चार जीबी होती, चारही दिली. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी इशारा आला, पण जेवणाऱ्यानं "पुरे, पुरे" म्हटल्यावर आपण थांबतो का? मी पुढे गेलो. संगणक पाऊण तास जागचा हलला नाही.

"पाहुण्याला अख्खं घर देऊन टाकलंत," माझी बायको चंद्रप्रभा मागून म्हणाली. "यजमानानं आता कुठं बसायचं? ओट्यावर?"

तिला संगणकातलं काही कळत नाही, असा माझा तोपर्यंत समज होता. मी निम्मी मेमरी परत घेतली आणि काम सुरू झालं.

आता बाकीचे संगणक. पहिला विचार अर्थातच आमच्या महाविद्यालयाचा आला. प्रयोगशाळेत वीस संगणक आहेत आणि दुपारी दोननंतर त्यांच्यावर फक्त धूळ काम करते. मी रीतसर अर्ज दिला. तो भांडारपाल शिवप्पांकडे गेला. शिवप्पा हे अत्यंत सचोटीचे गृहस्थ आहेत आणि महाविद्यालयातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं जडसंग्रह, म्हणजे डेडस्टॉकचा, क्रमांक टाकल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

"सर, वीस संगणकांत वीस नवीन मशिनी बसवणार म्हणता. मग नोंद करावी लागंल."

"अहो, त्या खऱ्या नाहीत. मानलेल्या आहेत."

"काम करतात का न्हाई?"

"करतात."

"मग खऱ्याच की. मानलेली वस्तू काम करत नसती. क्रमांक कुठं टाकायचा तेवढं दाखवा."

मी त्यांना पडद्यावर ती चौकट दाखवली. त्यांनी शांतपणे ब्रश उचलला. मी त्यांचा हात धरला म्हणून पडदा वाचला, पण शिवप्पा दुखावले. त्यांनी शेरा मारला, "वस्तू अस्तित्वात आहे, परंतु दिसत नाही. खरेदी समितीपुढे ठेवावे." समितीची बैठक मार्चमध्ये होती. गणिताच्या माणसाला इतक्या तर्कशुद्ध रीतीनं कुणी हरवलं नसेल.

राहिली आमची कॉलनी. शेजारचे आप्पासाहेब महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांची जमीन शिरूर अनंतपाळकडे आहे आणि नातवानं टाकून दिलेला संगणक त्यांच्या बैठकीत टेबलक्लॉथखाली झाकलेला असतो. मी त्यांना सगळं समजावलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"म्हंजे माझ्या मशिनीत तुमचं दुसरं मशीन येऊन राहणार. भाडं देणार न्हाई. लाईट माझी वापरणार. किती दिवस?"

"दीड महिना."

"मास्तर, कूळ असंच घुसतंय. मी बत्तीस वर्षं ह्येच बघितलं. पयले म्हणतंय, दोन दिस ऱ्हातो. मग सातबाऱ्यावर नाव लागतंय, अन् मालक कोर्टात चकरा मारून बेजार."

शेवटी मी मुद्रांकावर लिहून दिलं, की सदर आभासी यंत्र हे सदर संगणकात केवळ परवानगीनं राहत असून त्यास कोणत्याही प्रकारचा कुळहक्क प्राप्त होणार नाही. नोटरीनं विचारलं, यंत्राचं वय काय? मी म्हणालो, दोन दिवस. तो म्हणाला, मग अज्ञान आहे, पालकाची सही लागेल. मी पालक म्हणून सही केली.

आप्पासाहेबांना मी हे समजावत होतो तेव्हाच हार्डवेअरवाले वीरण्णा तिथं आले होते. त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे आणि दुकानात एक दणकट संगणक. त्यांनी माझं सगळं भाषण दोन शब्दांत उरकलं.

"म्हंजे इर्जिक."

मी थबकलो. इर्जिक म्हणजे एकाच्या वावरात सगळ्या गावानं आपापलं औत घेऊन यायचं, एका दिवसात त्याचं काम उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. दीड तास मी जे शिकवत होतो ते ह्या माणसाला आजोबांपासून ठाऊक होतं.

"हौदु, देतो की," वीरण्णांनी कानडीतून होकार भरला. "पण सोमवारी न्हाई. सोमवारी आमच्यात बसवण्णाला जू लावत न्हाईत. माझं मशीन सोमवारी आराम करंल."

"अहो वीरण्णा, तो बैल नाही."

"काम करतो ना? मग बैलच."

शिवप्पांचंच तर्कशास्त्र. लातूर जिल्ह्यात ह्या विषयावर एकमत दिसतं. दर सोमवारी वीरण्णांचा संगणक बंद राहायचा, त्याला हळदकुंकू लागायचं आणि मंगळवारी सकाळी तो असा काही सुटायचा, की मलाही त्या आरामात तथ्य वाटू लागलं.

शिकवणीवाल्या उज्वलाताईंनी आपले तीनही संगणक दिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जेवण कधी आहे?" असे सहा संगणक झाले आणि कामाला लागले. मी रोज संध्याकाळी कॉलनीत फेरी मारायचो, कुणाचा संगणक गरम झाला ते पाहायचो, पंखा लावायला सांगायचो. आप्पासाहेबांना तर मी तासभर मेमरीचं व्यवस्थापन शिकवलं. माझ्या संगणकाची खोली मी घरच्यांना बंद केली होती. चंद्रप्रभेला त्या खोलीतल्या कपाटातून साडी काढायची असली तरी ती आधी मला विचारायची. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

डिसेंबर उजाडला तेव्हा लक्षात आलं, की ती मुदतीची तारीख म्हणजे येळवस, आमची वेळ अमावस्या. मला इतका आनंद झाला की मी मनस्विनीला फोन करून ओरडलोच. त्या दिवशी लातुरात चिटपाखरू नसतं. सगळं गाव शेतात जातं, बाजारपेठ कडकडीत बंद, रस्त्यांवर कुत्रीसुद्धा नसतात. म्हणजे सगळे संगणक दिवसभर मोकळे! हिशेबाप्रमाणे त्या दिवशी सकाळी फक्त एकतीस तुकडे उरणार होते. दुपारपर्यंत फडशा पडला असता. मी सगळ्यांना बजावलं, संगणक चालू ठेवून जा. सगळ्यांनी "हाव, हाव" म्हणत माना डोलावल्या. इर्जिकीचं जेवण माझ्याकडे लागू होतं, पण आप्पासाहेब म्हणाले, येळवसाला वेगळं कशाला, सगळे शेतात माझ्याच आखाड्यावर या, तुमचा खर्च, माझं वावर.

अकरा वाजता आम्ही सगळे शिरूरच्या शेतात होतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारलेली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, पूजा झालेली. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यात ताकातली गार आंबील. मी पहिला घास तोंडाशी नेला आणि फोन वाजला.

"मामा," मनस्विनी घाईघाईनं म्हणाली. "साडेआठपासून एकही मशीन दिसत नाहीये. सगळी गेली."

मी पंगतीकडे पाहिलं. "संगणक चालूच ठेवले होते ना?"

"चालूच हायेत," आप्पासाहेब म्हणाले. "हात बी लावला न्हाई. फक्त निघताना घराचं मेन स्विच खाली केलं. घर बंद करून जाताना मेन खाली करावं लागतंय."

वीरण्णांनीही केलं होतं. उज्वलाताईंनीही. मी हातातला घास ताटात आपटला. मी म्हणालो, शिकल्यासवरलेल्या माणसांना एवढंही कळू नये? संगणकाला वीज लागते, ते काय आंबिलीवर चालतात?

"मामा," फोनमधून आवाज आला. "तुमचंही बंद आहे."

मला माझाच उजवा हात दिसला. पाण्याचा नळ, गॅसची टाकी, मेन स्विच, कुलूप. बाहेरगावी जाताना सव्वीस वर्षं त्या हातानं ह्याच क्रमानं काम केलंय. पंगतीतले सगळे खाली मान घालून आंबील प्यायला लागले.

"उठा सर," वीरण्णा म्हणाले. "माझा टेम्पो हाय."

वीरण्णा आणि मी सगळ्यांच्या किल्ल्या घेऊन निघालो. लातुरात पोचून मी धावत घरात शिरलो, मेन स्विच वर केलं. काही झालं नाही. खाली केलं, पुन्हा वर केलं. मग वीज कार्यालयाला फोन लावला.

"आज सहापर्यंत देखभालीचं काम हाय, साहेब," तिकडचा माणूस म्हणाला. "येळवसाला गावात कुणी नसतंय म्हणून आजच घेतो. अन् तुम्ही गावात काय करून राहिलात?"

मी फोन ठेवला. मी उंबऱ्यावर बसलो. भाचीचा विषय जाणार होता आणि मला मामा म्हणवून घ्यायची लाज वाटत होती. वीरण्णा मात्र टेम्पोचं मागचं फळकं खाली करत होते.

"गावात लाईट न्हाई. शेताला ह्या आठवड्यात दिवसाची पाळी हाय," ते म्हणाले. "आप्पासाहेबाच्या विहिरीवरच्या मोटारीला चारपर्यंत, न्हाई, पाचपर्यंत लाईट हाय. औत जिथं चालंल तिथं न्यायचं, सर. घ्या, एक बाजू धरा."

सहा संगणक, सहा पडदे, वायरींचा एक भारा आणि खाली दोन गाद्या असा टेम्पो भरून आम्ही रिकाम्या गावातून निघालो. नाक्यावर पोलिसानं अडवलं. वर्षातून एक दिवस सगळं गाव कुलूपबंद असतं आणि त्या दिवशी दोन घामाघूम माणसं गादीत गुंडाळून सहा संगणक नेत होती. त्याच्या जागी मी असतो तर आधी बेड्याच घातल्या असत्या.

"कुठं चाललाव?"

"शेतात," मी म्हणालो.

"कॉम्प्युटर घेऊन?"

मग मी त्याला ग्रिड म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. यजमान, पाहुणा, तुकडे, बुरशी. तिसऱ्या मिनिटाला त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "जावा सर, जावा." माझं व्याख्यान ऐकून सुटका मागणारा तो पहिला माणूस नव्हता.

दीड वाजता आखाड्यावर विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून वायर काढली. संगणक कोपीशेजारी घोंगडीवर मांडले. एकेक पडदा उजळला तशा शेजारच्या शेतांतल्या बायका गोळा झाल्या. कोपीशेजारी मांडलेली वस्तू ती पूजेचीच असणार, म्हणून एका म्हाताऱ्या बाईंनी पटापट सहाही डब्यांना हळदकुंकू लावलं. दुसरीनं "चांगभलं!" म्हणत आंबील शिंपडली. उज्वलाताईंनी झेप घेऊन पदर आडवा धरला आणि आंबील पदरावर झेलली. त्या बाईंची झेप मी जन्मभर विसरणार नाही.

इंटरनेटला जोर नव्हता. माझ्या फोनवरचं इंटरनेट फक्त माळ्यावर चढलं की नीट चालायचं. पाखरं राखायच्या त्या माळ्यावर वीरण्णा एक हात उंच करून उभे राहिले. दर अर्ध्या तासानं ते हात बदलायचे. वरून विचारायचे, "किती राहिले?" आणि मी खालून ओरडायचो, "चोवीस!" मग "अठरा!" लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, आम्ही पाखरं मोजतोय.

तीनच्या सुमारास पडदे फिकट झाले. शेजारच्या शेतांत मोटारी चालू झाल्या होत्या आणि विजेचा दाब पडला होता. आप्पासाहेब धोतर खोचून बांधावर चढले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस चार शेतं पायी फिरला. प्रत्येक बांधावरून त्यांचा आवाज येत होता, "पाचपर्यंत कुणी मोटार लावायची न्हाई! पोरीचं शिक्षण अडलंय!" सात मोटारी बंद झाल्या. हरभऱ्याचं पाणी तोडून लोक आमच्या घोंगडीभोवती येऊन बसले. मला त्या क्षणी आप्पासाहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पडद्यावरून नजर काढायची छाती होत नव्हती.

साडेचारला पाच राहिले. पावणेपाचला दोन. शेवटचा तुकडा उज्वलाताईंच्या संगणकावर होता आणि त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी वीरण्णांच्या हातातून उत्तर नांदेडला गेलं. फोन माळ्यावर असल्यामुळे मनस्विनीनं चंद्रप्रभेला फोन केला. चंद्रप्रभेनं आवाज मोठा केला.

"मामी, झालं! पाठवलं सरांना. चार हजारांतून नऊ उरलेत. नऊ! सर म्हणाले, विषय हाच ठेव आणि लगेच प्रयोगाला लाग."

आखाड्यावर असा आरडाओरडा झाला की झाडावरचे कावळे उडाले. नऊ म्हणजे काय हे तिथल्या चाळीस माणसांपैकी तिघांनाही कळलं नसेल. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मी पंच्याच्या टोकात तोंड घालून रडलो.

तेवढ्यात आप्पासाहेब एका पडद्यासमोर बसून काहीतरी वाचू लागले. कोणत्या संगणकानं किती तुकडे सोडवले, त्याची ती यादी होती.

"वीरण्णा पयला. अकराशे चौदा. सोमवार सोडून! उज्वलाताईंचे तीन मिळून सोळाशेवर. माझं, बघा, चारशे बावन्न." त्यांनी चष्मा वर केला. "मास्तर, तुमच्या नावापुढं हे काय हाय?"

मी वाकून पाहिलं. शून्य होतं.

"चूक आहे," मी म्हणालो. "मनू, माझ्या नावापुढे शून्य कसं? रोज सकाळी मी तुला विचारायचो, माझे किती झाले. तू कधी वीस सांगायचीस, कधी बावीस."

फोनमध्ये मनस्विनी खाकरली.

"मामा, तुमचा संगणक फार जुना आहे. त्याला एका तुकड्याला एकवीस तास लागायचे. बारा तासांत उत्तर आलं नाही की तो तुकडा दुसऱ्याला जातो. तुमचा प्रत्येक तुकडा वीरण्णाकाकांनी नाहीतर उज्वलाताईंनी आधीच सोडवलेला असायचा. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण मामीनं शपथ घातली."

मी चंद्रप्रभेकडे वळलो. ती माझ्याच ताटात भज्जी वाढत होती.

"काय बघता?" ती म्हणाली. "दीड महिना तुम्ही इतके खूश होतात. रोज सकाळी मीच तिला कळवायची, आज मामांना किती सांगायचे ते. बसा, सकाळपासून एक घास पोटात नाही तुमच्या."

मी बसलो आणि जेवलो. तिनं तिसऱ्यांदा वाढलं तेव्हाही मी पुरे म्हणालो नाही.